टाळूचं बूच

वाणी हेच मनुष्याचे खरे भूषण, असे थोरांनी सांगून ठेवले आहे. एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवताना निबंधाच्या पहिल्या ओळीत मी हे वाक्य इतक्या वह्यांतून वाचले की शेवटी शेवटी त्याखाली लाल रेघ मारायचेसुद्धा सोडून दिले. डॉक्टर कुमुद गावस यांचे मत थोडे वेगळे होते. त्यांच्या मते मनुष्याचे खरे भूषण म्हणजे प्यालेली पेज नाकातून बाहेर न येणे. "वाणी नंतर, मास्तर," त्या म्हणायच्या, "आधी पेज."

त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले.

डिचोलीच्या बाजारात एका पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीवर, माडीवर, त्यांचा दवाखाना होता. सकाळी जिन्यात पावाचा वास असे आणि वर पोचल्यावर दातांच्या प्लास्टिकचा. दोन्ही वास एकत्र झाले की भूक लागते आणि मरते. पाटीवर फक्त 'दंतवैद्य' एवढेच होते. रंगाऱ्याने पूर्वी पदव्याही लिहिल्या होत्या. त्यातल्या एकीत एक अक्षर चुकले, तेव्हा बाईंनी ते दुरुस्त न करवता सगळ्याच पुसायला लावल्या. "रांग पाटी वाचून लागत नाही," म्हणाल्या. "दुखतं म्हणून लागते."

मी पहिल्यांदा गेलो तो दाढेसाठी. आत शिरलो तर बाई पाठमोऱ्या, नळाखाली हात धूत उभ्या. सवयीने मी खुर्चीत बसून तोंड उघडले.

"तोंड उघडू नका," त्या न वळता म्हणाल्या. "बोला."

"काय बोलू?"

"मास्तर ना तुम्ही? मग बोलायला विषय कधीपासून लागायला लागला?"

मी दाढेविषयी, रात्रीच्या ठणक्याविषयी आणि म्हापशाच्या एका डॉक्टरने केलेल्या दुर्लक्षाविषयी जरा सविस्तर बोललो. नळ बंद झाला. "डावीकडची वरची. शेजारचीही चालली आहे. पान खाता आणि घरी नाही म्हणून सांगता. आता उघडा, बघते." यातले पान कसे ऐकू आले, हे मला आजतागायत कळलेले नाही. घरचे मात्र बरोबर होते.

हीच त्यांची पद्धत. आधी पाठ करून ऐकायचे, मग वळून बघायचे. डोळे चटकन फसतात, कान जरा उशिरा फसतात, असे त्यांचे म्हणणे. पोटापुरत्या कवळ्या करायच्या, दात काढायचे. पण त्यांचे खरे काम निराळे होते. मुंबईला शिकत असताना त्यांनी तंबाखूच्या कर्करोगाने टाळू कापलेल्या माणसांसाठी टाळूची झाकणे बनवली होती. शिक्षण संपवून त्या गावी परतल्या, तेव्हा त्यांना वाटले हे काम आता संपले. गोव्याने त्यांना निराश केले नाही. इथे तंबाखूखेरीज दुसरी एक वस्तू येऊन बसली होती. ती नाकाने ओढतात.

तिचा परिणाम त्या अगदी घरगुती भाषेत सांगत. "नाकाची जमीन तीच तोंडाचं छप्पर. वरच्या माडीवरच्यानं जमीन उकरली तर तळमजल्यावर काय होईल? ती पूड रक्त आटवते. रक्त नाही तिथे मांस मरतं, मग हाड मरतं. आधी दोन नाकपुड्यांमधली भिंत जाते, ती कुणाला दिसत नाही. मग टाळूला भोक पडतं, ते पहिल्याच पेजेला कळतं." त्या भोकावर बसवायच्या झाकणाला पुस्तकात भारदस्त नाव आहे. बाई त्याला बूच म्हणत. बाटलीला असते तेच.

आता भोक पडले की आवाज बदलतो. 'ब' म्हणायला गाल भरावे लागतात. हवा वरच्या वर नाकातून निसटली की 'ब'चा 'म' होतो, 'द'चा 'न' होतो. मी हे ऐकून त्यांना आपली वर्णमाला कशी रचली आहे ते सांगितले: कंठातून सुरुवात, मग टाळू, मग दात, शेवटी ओठ, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला एक नाकातला वर्ण. बाई हातातले काम सोडून ऐकत राहिल्या.

"हा तर तोंडाचा नकाशा आहे. कुणी काढला?"

"पूर्वजांनी."

"दाताचे डॉक्टर होते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून शाळेतला वर्णमालेचा तक्ता मागून नेला आणि खुर्चीसमोर टांगला. मग म्हणाल्या, मला असं एक वाक्य द्या ज्यात नाकातलं एकही अक्षर नाही. मी बसून केले: 'बापू, टोपीत बटाटे ठेव.' मराठी गद्याला माझी एवढीच देणगी आहे. रोग्याने ते म्हणायचे आणि बाईंनी त्याच्या नाकाखाली छोटा आरसा धरायचा. टाळू धड असेल तर आरसा स्वच्छ राहतो. भोक असेल तर बटाट्याशी पोचेपर्यंत आरशावर धुके.

या वाक्याची खरी गरज पेडण्याच्या एका शिबिरात कळली. पुण्याहून आलेला एक हुशार तरुण डॉक्टर तिथे रांग तपासत होता. अर्ध्या रांगेच्या कागदावर त्याने 'टाळूला छिद्र असण्याची शंका' असे लिहिले आणि घामाघूम होऊन बाईंना गाठले. काहीतरी भयंकर साथ असावी, असा त्याचा चेहरा. बाईंनी रांगेत जाऊन चार म्हाताऱ्यांशी गप्पा मारल्या. 'हांव खंय गेल्लों', 'तूं कितें म्हणटां' वगैरे ऐकून परत आल्या. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "ही भोकं नाहीत. ही कोकणी आहे."

विनोद सोडला तर या बाबतीत त्या फार कडक होत्या. टाळूला भोक म्हणजे पूड, असे गाव लगेच ठरवून मोकळे होते. त्या ठरवत नसत. "आधी तपासणी, मग पाप," हे त्यांचे वाक्य. गुप्तरोग, क्षय, कर्करोग, मधुमेहात लागणारी बुरशी, सगळ्यांनी टाळू जाऊ शकतो. म्हणून त्या कडेचा तुकडा आणि रक्त तपासायला पाठवत आणि निकाल येईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढत नसत. खाणीवरच्या एका ट्रक ड्रायव्हरला त्याच्या मेहुण्यांनी घराबाहेर काढले होते. त्याला निघाली बुरशी. बाईंनी कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा मेव्हण्यांना वाचून दाखव. मोठ्यानं." तो बिचारा मोठ्याने काय वाचणार? त्याला तेव्हा बूच बसायचे होते.

गुप्तता तर विचारू नका. प्रत्येक रोग्याच्या टाळूचा प्लास्टरचा साचा त्या कपाटात ठेवत, पण त्यावर नाव नसे. झाडाचे नाव असे. फणस, भेंड, जांभळ, किंदळ. कुठले झाड म्हणजे कोण, हे फक्त त्यांच्या डोक्यात. बुचावरही नाव घालत नसत. "कुणाच्या हाती पडलं तर? दात सगळ्यांना असतात. बूच कुणाला असतं?"

एकदा गावातल्या एका मंडळाने त्यांचा सत्कार केला. व्यसनमुक्तीची शपथ, शाल, नारळ, चाळीस मिनिटांचे भाषण. मी आणि बाई पहिल्या रांगेत. प्रमुख पाहुणे उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "मंधू-मगिनींनो." मंडपात कुणाला काही वाटले नाही, मोठ्या माणसांचे उच्चार लोक समजून घेतात. बाई माझ्याकडे झुकल्या.

"ऐकलंत, मास्तर?"

"सर्दी असेल."

"असेल. एप्रिलातली."

पुढे तो गृहस्थ त्यांच्याकडे आला का, हे मी दोनदा विचारले. "कोण येतं ते विसरायचं मला शिकवलंय," एवढेच उत्तर. सत्काराला उत्तर देताना मात्र त्या मोकळेपणाने बोलल्या. "शाल सुती असती तर दवाखान्यात उपयोगी पडली असती. आभारी आहे," म्हणाल्या आणि बसल्या.

निवृत्त झाल्यावर मी रोज अकराच्या सुमाराला तिथे पेपर वाचायला जाऊन बसू लागलो. बाईंनी त्याचा फायदा उठवला. बूच बसले तरी नाकातून बोलायची लागलेली सवय लगेच जात नाही. प, फ, ब, भ पुन्हा घोटावे लागतात. ते काम माझ्यावर आले. रोग्याची हरकत नसेल तर मी आत बसे. त्यामुळे बाबलो आला त्या दिवशी मी तिथेच होतो.

बाई पाठमोऱ्या. नळ चालू.

"नाव?"

"मामलो."

नळ बंद झाला. "घरी बाबलो म्हणतात काय?"

"तेंच तां सांगलंय मगो."

"पेज नाकातून कधीपासून येते?"

तिशीच्या आतला, काटकुळा पोरगा. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "हिका कोणी सांगला?" (त्याचे बोलणे इथून पुढे मी 'प', 'ब' जागच्या जागी घालून लिहितो आहे.)

पेडणे-म्हापसा मार्गावरच्या एका खाजगी बसवर तो कंडक्टर होता. आपल्या गावचे कुणी दिसू नये म्हणून दोन बसगाड्या बदलून डिचोलीला आला होता. इतके दिवस त्याचे कसे निभावले, याचे मला नवल वाटत होते. कारण अगदी साधे निघाले. 'म्हापशें म्हापशें' हे कंडक्टर लोक तसेही अर्धे नाकातूनच ओरडतात. त्यातला 'प' अजून कुणी ऐकलेला नाही. त्यामुळे जाताना काही अडत नसे. अडे ते परतताना. 'पेडणे'चे 'म्हेण्णे' व्हायचे. ड्रायव्हर हसायचे. एके दिवशी स्टँडवर एका बाईने त्याला छत्रीने झोडपले. तिच्या मुलाचा टाळू जन्मतःच दुभंगलेला होता आणि हा त्याची नक्कल करतो, असे तिला वाटले.

"नाकात काय ओढतोस?" बाईंनी विचारले.

"तपकीर."

"तपकिरीनं शिंका येतात. टाळू जात नाही. पुन्हा विचारते."

"दोन सीझन दर्यार कामाक होतंय. स्पीकर लावूक. थंय पार्टीवाले दितत." आणि वर, "आता कमी केलंय."

"कमी म्हणजे?"

"कमी."

त्यांनी दिवा लावून बघितले. मलाही वाकून दिसले: टाळूच्या मधोमध चण्याएवढे भोक, काळपट कडेचे. तुकडा गेला, रक्त गेले. निकाल आले, दुसरे काही नव्हते. मग बाईंनी त्याला समोर बसवून सौदा सांगितला, आणि तो असा होता: त्या बूच करून देतील. एक वर्ष तेच बूच घट्ट बसत राहिले, म्हणजे भोक वाढले नाही, तर मोठ्या इस्पितळातला सर्जन ते शिवून कायमचे बंद करील. त्याच्याशी त्या बोलल्या होत्या. पण बूच ढिले झाले तर ते बदलायचे आणि वर्ष पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचे.

"मी तुला काय घेतलंस, कधी घेतलंस, विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "मी बुचाला विचारीन."

पण बूच घालण्याआधी आड आला देव. बाबलोची आई पेडण्याजवळच्या एका वाड्यावर काजूच्या बागेत कामाला जायची. नवरा नव्हता, हा एकटाच. आईला खरे सांगायची त्याची छाती झाली नाही. नाकातले हाड सडले आहे आणि डॉक्टर काहीतरी करणार आहे, असे त्याने सांगितले. आईने रीतीप्रमाणे ग्रामदेवतेला कौल लावला. म्हणजे मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारायचा, आणि उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नको. पाकळी डावी पडली. आईने मुलाला घरातून हलू दिले नाही.

दोन महिन्यांनी बाईच पेडण्याला गेल्या. मला बरोबर घेतले. 'मास्तर' बरोबर असला की घरात शिरता येते, असा त्यांचा अनुभव होता. मधल्या काळात चण्याचा काजूगर झाला होता. बाबलो ओसरीत बसून तोंडावर पंचा धरून चहा पीत होता.

"देवाक विचारल्याबगर मी काय करूचंय नाय," म्हातारी म्हणाली. "देव नको म्हणालो."

"देवाला काय विचारलंत?"

"झिलाच्या नाकातला हाड काढूक दिऊ काय, म्हणान."

"मग देव बरोबर बोलला," बाई म्हणाल्या. "हाड काढायचंच नाही आहे. मी घालणार आहे, काढणार नाही. आणि नाकात नाही, तोंडात. तुम्ही भलतंच विचारलंत, त्यानं सरळ उत्तर दिलं. परत विचारा: टाळूला झाकण घालू काय?"

म्हातारी पोराकडे वळली. "हाडाचा खोटा सांगलंस मां रे?" बाबलोने पंचा खाली घेतला नाही. तिला तेव्हाच सगळे कळले असावे. बागेत काम करणाऱ्या बायकांना किनाऱ्यावर काय चालते ते माहीत असते.

पुढच्या सोमवारी पाकळी उजवी पडली. बाईंचा देवावर विश्वास नव्हता. पण चुकीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर देणारा कुणीही भेटला की त्यांना त्याच्याविषयी आदर वाटे. "मी इतक्या जणांना इतकी वर्षं नीट प्रश्न विचारते," परतताना बसमध्ये त्या म्हणाल्या, "आणि उत्तर 'तपकीर' येतं."

बूच करायला त्यांना चार बैठका लागत. आधी भोकात दोरा बांधलेला कापसाचा बोळा, म्हणजे मापाचा लगदा नाकात चढत नाही. मग तो लगदा, मग प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक. वर भोकात शिरणारी गोळी आतून पोकळ. नाहीतर वजनाने बूच लोंबते. दोन्ही बाजूंना तारांचे आकडे, दाढांना धरायला. साच्यावर त्यांनी लिहिले 'किंदळ'. बसवल्यावर त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला.

तो प्याला. नाकाला हात लावून बघितला. पुन्हा प्याला. सगळे पाणी संपवले.

"बोल काहीतरी."

"म्हापशें," तो सवयीने म्हणाला.

"ते नको. ते तुला आधीही येत होतं. पेडणे म्हण."

"पेडणे."

"परत."

"पेडणे. पेडणे. बाबलो. बापू, टोपीत बटाटे..." आणि तो हसायला लागला, इतक्या मोठ्याने की खाली पदेराच्या दुकानातली गिऱ्हाइके वर बघू लागली. बाई तोवर पाठ करून हात धुवायला लागल्या होत्या. म्हणजे ऐकत होत्या.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्याने यायचे. बूच काढून त्या धुवत, ताजा साचा घेत, त्या साच्यावर ते बूच बसवून कानाशी नेत आणि हलवत. आवाज नाही म्हणजे महिना पास. चौथ्या महिन्यात आवाज आला. बारीकसाच, खुळखुळ्यासारखा.

"बूच बारीक जाला काय?" बाबलोने विचारले.

"प्लास्टिक बारीक होत नाही."

"बारश्याक गेलेलंय. मित्राच्या. फकत एकदा."

"मी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी जुने बूच कपाटात टाकले आणि नव्यासाठी लगदा कालवायला घेतला. ओरडल्या नाहीत. मला राहवले नाही. तो गेल्यावर मी म्हणालो की चार शब्द सुनवायला हवे होते. "कशाला?" त्या म्हणाल्या. "त्याची आई आहे, ड्रायव्हर आहेत, तुम्ही आहात. बोलणारे पुष्कळ. एकदा कुणीतरी नुसतं मोजायलाही हवं."

दुसरे बूच बसले ते आश्विनात. तेव्हापासून महिने पुन्हा मोजायचे. नोव्हेंबर, डिसेंबर, पर्यटकांचा सगळा हंगाम गेला. बाई साचा कानाशी नेत, हलवत आणि खाली ठेवत; आवाज नसे. मार्चमध्ये तो बसवरचा एक किस्सा सांगत आला. छत्रीवाली बाई पुन्हा भेटली होती. त्याने तिला मुलासकट बसवून घेतले, आणि डिचोलीला कुठे जायचे ते एका तिकिटाच्या मागे लिहून दिले. मेमध्ये सर्जनने आश्विनातली तारीख बघतो म्हटले. म्हातारीने काजूगर पाठवले. बाईंनी ते मोजूनमापून चार भाग करून पदेरालाही दिले.

आषाढात बसला सवारी कमी. सुट्टीच्या दिवशी बाबलो नदीच्या तोंडाशी गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला गेला आणि परतला नाही. गळाची काठी खडकात अडकलेली मिळाली. चौथ्या दिवशी, पाच-सहा मैलांवर, एक प्रेत मिळाले. पाण्याने आणि माशांनी चेहऱ्याचे काही ठेवले नव्हते. त्याच आठवड्यात किनाऱ्यावरचे आणखी दोघे बेपत्ता होते. म्हातारीला नेऊन दाखवले, तिने बघितले आणि म्हणाली, "माका कळणा नाय. माझ्या झिलाच्या तोंडात बूच आसा, ता बघा." शिपायाला वाटले, दुःखाने म्हातारीचे डोके फिरले. तिने तेच पुन्हा पुन्हा सांगितले, तेव्हा एकजण बाईंकडे डिचोलीला आला. तोवर पेपरात दोन ओळी छापून झाल्या होत्या: अमली पदार्थाच्या नशेत तरुण बुडाला. आधी पाप, मग तपासणी.

डॉक्टर गावस यांना मी अखेरचे नीट पाहिले ते त्या दिवशी. त्यानंतर त्या आजारी पडल्या, दवाखाना बंद करून वास्कोला बहिणीकडे गेल्या, आणि तिथून फक्त बातमी आली. त्या दिवशी मात्र त्या नेहमीसारख्याच होत्या. कपाटातून 'किंदळ'चा शेवटचा साचा काढला, स्वयंपाकघरातल्या फडक्यात गुंडाळला आणि म्हणाल्या, "चला, मास्तर. लिहायला लागेल."

शवागारात त्या एकट्याच आत गेल्या. बराच वेळ लागला. बाहेर बाकावर म्हातारी, मी आणि एक हवालदार. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात बूच होते. नळ शोधला, ते धुतले. आमच्याकडे पाठ करून त्यांनी ते साच्यावर बसवले, कानाशी नेले आणि हलवले. पुन्हा हलवले. तिसऱ्यांदाही हलवले.

"बाबलोच आहे," त्या वळून म्हणाल्या.

"हें किंदळ म्हणजे कोण?" साच्यावरचे नाव वाचून हवालदाराने विचारले. बाईंनी त्याला सांगितले. त्यांनी एका रोग्याचे झाड असे उघड केले ते तेवढे एकदाच.

म्हातारी रडत नव्हती. तिने बाईंचा हात धरला. "बाय, तुमी भितर बघितलंत. तेणी परत घेतलेली काय? सगळे म्हणतत."

मला वाटले, आता तरी बाई म्हणतील, नाही घेतली. कुणीही म्हणाले असते. मी म्हणालो असतो.

"ते मला सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "पाण्यात राहिलेलं आहे, मांसावरून काही कळत नाही. पण हाडाची कड गेल्या महिन्यातलीच आहे. बूच आतसुद्धा घट्ट होतं, काढायला जोर लावावा लागला. भोक वाढलेलं नाही. एवढं मी कुठेही सांगेन."

म्हातारीने ते ऐकले. बोटांवर मोजले. "नव महिने," ती म्हणाली. "आश्विनात वरस झाला असता." आणि मग तिने हात सोडला.

बाईंना ते कागदावर हवे होते. मी पेन काढले आणि त्यांनी सांगितले तसे एक वाक्य केले, साधे, बिनविशेषणाचे: मृताच्या टाळूचे छिद्र नऊ महिन्यांत वाढलेले नाही. हवालदाराने ते आदराने वाचले. तो माणूस वाईट नव्हता. "पूण डॉक्टर, हाचो केसीक संबंद ना," तो म्हणाला. "हांगा फकत वळखीची खूण बरोवपाची." त्याने छापील कागद पुढे केला. ओळखीच्या खुणेसाठी तिथे दोन बोटे रुंदीचा रकाना होता. माझे वाक्य त्यात बसण्यासारखे नव्हते. बाईंनी ते वाक्य माझ्याकडून घेतले, घडी घालून म्हातारीच्या हातात दिले, आणि टेबलाशी उभ्या राहून सहीसाठी थांबल्या.

हवालदाराने बूच उलटेसुलटे करून पाहिले, थोडा विचार केला आणि रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले: 'कवळी, नग एक.' बाईंनी ते दोनदा वाचले आणि सही केली. बाबलोचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते.